गुलाबी बियाण्याचा परवाना

सरकारी कचेरीचे उपकार माणसाने जन्मभर विसरू नयेत.

हे वाक्य माझं नाही. ते मंगलाबाईंचं आहे, आणि आमच्या सुरतेच्या डिंडोलीत त्या ते नळावर, भाजीच्या गाडीपाशी, लग्नाच्या पंगतीत, कुणी न विचारता म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं, कचेरीने यांचं काहीतरी मोठं काम केलं असणार. तसं नाही. कचेरीने त्यांचं काम वेळेवर केलं नाही, त्याबद्दल हे उपकार आहेत. मी शेजारी राहतो, ओट्याला ओटा लागून आहे, त्यामुळे सगळं प्रकरण मी पाहिलं. मंगलाबाईंचं म्हणणं खोडून काढता येईल असं मला त्यात काही सापडलेलं नाही.

मंगलाबाईंचं माहेर पारोळ्याजवळ. भाऊ वाल्मिक तिथे बोरी नदीच्या काठाला भेंडी करतो. दर अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बाई माहेरी जायच्या आणि येताना लुगड्याच्या चिंधीत थोडं भेंडीचं बी बांधून आणायच्या. ते त्या ठाकोरभाईंना द्यायच्या. ठाकोरभाई म्हणजे पलसाण्याच्या रस्त्याला ज्यांची भाजीची शेती आहे ते. बाई त्यांच्याकडून भाजी घेत, आणि एवढी ओळख बियाण्याला पुरते. वाल्मिकची भेंडी ठाकोरभाईंच्या मातीला मानवली. तोडायला उशीर झाला तरी तिचं लाकूड होत नसे. शेजारच्या शेतवाल्यांनी विचारायला सुरुवात केली, ही कुठल्या कंपनीची?

ठाकोरभाई म्हणाले, "डिंडोलीनी कंपनी छे. मंगलाबेन."

मग ते बाईंकडे आले आणि ओट्यावर बसले. सगळ्यांना बी पाहिजे होतं, पण एक अडचण होती. आदल्या वर्षी कुणी फेरीवाला भेंडीचं बी म्हणून अंबाडीचं बी विकून गेला होता. दोन्ही रोपं लहानपणी सारखीच दिसतात. आपल्या शेतात अंबाडी आहे हे लोकांना कळलं तोवर फेरीवाल्याचं मूलही मोठं झालं असेल. तेव्हापासून त्या भागातल्या शेतकऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की भिंतीवर चौकटीत परवाना असेल त्याच दुकानातून बी घ्यायचं.

"तमारा पर भरोसो छे, बेन," ठाकोरभाई म्हणाले. "पण भरोसो भींत पर टंगातो नथी."

ही गोष्ट प्लेग येऊन गेल्याच्या दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीची. मंगलाबाईंनी भाऊबीजेलाच वाल्मिकला सांगितलं, की औंदा भेंडी तोडू नको, झाडावरच वाळू दे, सगळीचं बी कर. वाल्मिकने हातातला घास खाली ठेवला.

"ताई, हिरवी तोडी तं रोजना बाजार शे. वाळाडी तं नुसतं बी. ते कोन ली?"

"मी इकसू. दुकान काढस मी."

"पानी पडाना पहिले इकाई जाई?"

"जाई. तू तोडू नको."

वाल्मिकने तोडली नाही. बहिणीच्या शब्दावर उभा मळा वाळू दिला. पेरणीच्या आत बी विकलं गेलं नाही तर त्याला खाता येत नाही, बाजारात नेता येत नाही, आणि वर्षभराने त्याचा भरवसाही उरत नाही. म्हणजे पाऊस पडायच्या आत परवाना आलाच पाहिजे होता. एवढी एकच गोष्ट व्हायची होती. ती सरकारकडून व्हायची होती.

अर्ज इंग्रजीत होता म्हणून तो माझ्याकडे भरायला आला. त्यात 'साठवणुकीची जागा' असा रकाना होता. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "पुढल्या खोलीत, पलंगाखाली." मी तसंच लिहिलं. अर्ज घेऊन आम्ही दोघं नानपुऱ्याकडच्या शेती खात्याच्या कचेरीत गेलो. तिथे बियाणे निरीक्षक अरविंदभाई बसत.

अरविंदभाई जन्माने मराठी. आजोबा बडोद्याला नोकरीला आले तेव्हापासून घराणं गुजरातेत, आणि नावाला 'भाई' तिथेच चिकटला. सज्जन माणूस. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग आणि तोंडात नेहमी बडीशेप. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"पलंग लिहू नका, मंगलाबेन. गोदाम लिहा."

"गोदाम नाही ना साहेब आमच्याकडे."

"आहे. पलंगाखाली आहे. गोदामात पलंग असू शकतो, पलंगाखाली गोदाम असू शकत नाही."

मी दुरुस्ती केली. मग त्यांनी जागेचा नकाशा मागितला. मग बियाणं कुठून येणार त्याचा दाखला, मग वाल्मिकच्या शेताचा उतारा. तो उतारा मराठीत निघाला, तेव्हा त्याचं गुजराती भाषांतर. भाषांतर केलं अरविंदभाईंनीच, कारण दोन्ही भाषा येणारा कचेरीत तेवढा एकच माणूस होता. मग स्वतः केलेलं भाषांतर स्वतःच तपासणं बरोबर नाही म्हणून त्यांनी ते वरच्या साहेबांकडे पाठवलं. वरच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी ते तपासायला अरविंदभाईंकडे पाठवलं.

अरविंदभाईंनी कधी कुणाला 'होणार नाही' असं सांगितलेलं मी ऐकलं नाही. ते "थशे", म्हणजे होईल, म्हणत. संक्रांतीला थशे म्हणाले, होळीला थशे म्हणाले. मंगलाबाई परत येताना बसमध्ये माझ्याकडे बघत नसत.

"तुमचा मराठी माणूस," त्या एकदा म्हणाल्या. जणू मीच त्यांना जन्माला घातलं होतं.

अखाजी झाली आणि वाल्मिकचं बी आलं. दोन पोती. भुसावळ पॅसेंजरने उधन्याला उतरली आणि हातगाडीवरून घरी आली. गोदाम भरलं. पलंग विटांवर चढवावा लागला, आणि त्यावर झोपणारे मंगलाबाईंचे यजमान निंबाभाऊ त्यामुळे उंच झाले.

आता निंबाभाऊंबद्दल सांगायला पाहिजे. ते पलसाण्याच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये कलर मास्तर होते. साड्यांना लावायची नायलॉनची लेस त्यांच्या हाताखाली रंगे. माणूस अबोल, पण रंगाचा विषय निघाला की समोरच्याचं घड्याळ बघत नसे. एकदा माझ्या नव्या शर्टाची बाही चिमटीत चोळून ते म्हणाले होते, "दोन धुण्याचा आहे." ते खरं निघालं, आणि मी त्यांच्यासमोर नवा शर्ट घालायचं सोडलं.

ठाकोरभाई बी बघायला आले. पोत्यात हात घातला, मूठभर दाणे काढले, उन्हात धरले. भेंडीचं बी कसं असतं तुम्हाला माहीत आहे. राखाडी, हिरवटसर, मिरीएवढं. ठाकोरभाईंनी दुसऱ्या खिशातून बारडोलीच्या दुकानातली कंपनीची पुडी काढली. तिच्यातलं बी गुलाबी होतं, औषध लावलेलं. त्यांनी दोन्ही बी एकाच तळहातावर ठेवलं.

"बी सारुं छे, बेन. पण जरा गरीब लागे छे."

आणखी तिघे शेतकरी बरोबर होते, त्यातला एक त्यांचा भाऊ. त्यांनीही तळहात पाहिला आणि माना हलवल्या. गरीब दिसणाऱ्या बियाण्यावर पाऊस लावायला कुणी तयार नसतं. मंगलाबाईंचा चेहरा उतरला. निंबाभाऊ पलंगावर, म्हणजे बऱ्याच उंचावर, बसले होते. ते खाली उतरले. त्यांनी कंपनीचा दाणा घेतला, थुंकी लावून अंगठ्याने चोळला आणि अंगठा सगळ्यांना दाखवला. तो गुलाबी झाला होता.

"कच्चा आहे," ते म्हणाले. "एवढाच प्रश्न आहे ना?"

पुढच्या सुट्टीच्या दिवशी एक पोतं सायकलला बांधून ते पलसाण्याला गेले. एकच पोतं नेलं, कारण त्यांच्या धंद्यात पार्टीने पहिला लॉट पास केल्याशिवाय दुसरा रंगवायला घेत नाहीत. संध्याकाळी परत आले तेव्हा पोतं फुलासारखं धरून आत नेलं, आणि परातीत ओतलं.

खोटं सांगत नाही, असं बी मी पुन्हा पाहिलं नाही. कंपनीचं बी त्याच्यापुढे विटकं वाटावं. अगदी नव्या नवरीच्या चुड्याचा गुलाबी. दाणा न् दाणा सारखा, कुठे डाग नाही, कुठे फिका नाही. निंबाभाऊंनी मूठभर बी वाटीत घेतलं, त्यावर पाणी घातलं, साबण घातला, खळखळून धुतलं. पाणी स्वच्छ. पांढऱ्या रुमालावर घासलं. रुमाल पांढरा. आम्ही सगळे शेजारी उभे होतो, आणि आमच्यातल्या एकाही शिकलेल्या अगर न शिकलेल्या माणसाने काही विचारलं नाही. आम्ही "वा" म्हणालो.

ठाकोरभाईंनी सांगितलं, "आ तो पाको माल." चौघांनीही शब्द दिला की परवाना भिंतीवर लागला की दुसऱ्या दिवशी बी नेतो. पहिला लॉट पास झाला. निंबाभाऊंनी दुसरं पोतं पुढच्या सुट्टीसाठी दाराशी आणून ठेवलं.

पण पुढच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी अरविंदभाई जागेच्या पाहणीला आले.

त्यांनी नकाशाप्रमाणे दार पाहिलं, खिडकी पाहिली, गोदाम पाहिलं. वाकून पलंगाखाली बघत असताना त्यांना ते गुलाबी पोतं दिसलं. ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"याला औषध कोणतं लावलंय?" त्यांनी आतूनच विचारलं.

"औषध नही, साहेब," निंबाभाऊ म्हणाले. "रंग शे. पक्का शे. साबणमां टाका."

अरविंदभाई बाहेर आले आणि खुर्चीवर बसले. त्यांची अडचण खरी होती. औषध लावलेल्या बियाण्याला रंग द्यावा लागतो, म्हणजे चुकून कुणी खाऊ नये, आणि पिशवीवर औषधाचं नाव व विषाची खूण लागते. औषध लावलं नसेल तर ते लेबल लावता येत नाही. पण औषध न लावता नुसताच रंग दिला, तर त्याचं काय करायचं याची कायद्याने कल्पनाच केलेली नव्हती. कायदा लिहिणाऱ्यांमध्ये पलसाण्याला नोकरी केलेला कुणी नसावा.

"पण कशासाठी रंगवलं?"

"गरीब दिसत होतं," मंगलाबाई म्हणाल्या.

अरविंदभाईंनी बडीशेप काढली, खाल्ली, आम्हालाही दिली. मग म्हणाले, की नमुना घ्यावा लागेल. प्रयोगशाळेत जाईल, अहवाल येईल, तोवर ही दोन्ही पोती विकायची नाहीत, हलवायची नाहीत, आणि त्यांना आणखी काही करायचंही नाही. हे शेवटचं त्यांनी निंबाभाऊंकडे बघून सांगितलं.

नमुन्याचे तीन भाग करायचे असतात. एक प्रयोगशाळेला, एक कचेरीला, एक मालकाला. तिन्ही कापडी पिशव्यांत घालून लाखेने सीलबंद करायचे. अरविंदभाई लाख घेऊन आले होते, पिशव्या विसरले होते. तेव्हा मंगलाबाईंनी साडीचा एक तुकडा काढला आणि मशीनवर तीन पिशव्या शिवून दिल्या. जॉर्जेट होतं, त्यावर फुलपाखरं. पंच म्हणून मी सही केली. राज्याच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी गेलेला तो सर्वांत देखणा नमुना असणार.

मग वाट पाहणं सुरू झालं, आणि मंगलाबाईंची जीभ सुटली. त्या वेळी त्या कचेरीबद्दल जे बोलत ते मी इथे लिहिणार नाही. अहिराणीत शिव्यांना जी लय आहे ती उगाच कागदावर वाया जाईल. आकाश भरून यायला लागलं. ठाकोरभाईंनी जमीन नांगरून ठेवली. पारोळ्याहून वाल्मिकचं पत्र आलं, त्यात बियाण्याबद्दल एक शब्द नव्हता. फक्त सगळे खुशाल आहेत आणि मळ्यात या वर्षी गवत बरं आहे, एवढंच. बाईंनी ते पत्र देवाजवळ ठेवलं आणि तडक कचेरीत गेल्या. मी बरोबर होतो.

"साहेब, एक सांगा. माझं बी चोरीचं आहे?"

"नाही."

"खोटं आहे?"

"ते अहवाल सांगेल."

"अहवाल कधी येईल?"

"थशे, बेन."

"पाऊस आला की तुमचा अहवाल मी पेरू काय?"

अरविंदभाईंनी मान खाली घातली. "मी पण रोज फोन लावतो, मंगलाबेन," ते म्हणाले. "सही करून टाकायला मला पाच मिनिटं लागतात. पण शेतकरी माझ्या सहीकडे बघून पेरतो. बी मी उगवलेलं पाहिलेलं नाही."

"मनं बी उगत नही?" बाई रागाने अहिराणीत गेल्या. "मना भाऊनं बी शे ते."

अहवाल आला त्याच आठवड्यात पाऊस लागला. अरविंदभाई तो घेऊन स्वतः डिंडोलीला आले, भिजत, छत्री असून. ओट्यावर उभे राहिले. आम्ही तिघे होतो, बाई, निंबाभाऊ आणि मी. त्यांनी कागद उघडला.

"उगवण," ते म्हणाले, आणि थांबले. "शून्य टका."

मंगलाबाईंना वाटलं अजून मजकूर आहे. त्या वाट बघत राहिल्या.

"म्हणजे शंभरातले किती?"

"शंभरातलं एकही नाही, बेन. खाली शेरा पण आहे. बी आतून शिजल्यासारखं आढळलं."

पाऊस पत्र्यावर वाजत होता. बाई हळूच निंबाभाऊंकडे वळल्या. बावीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला त्याच्या कामाबद्दल त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं.

"तुम्हीन बी कसं रंगाडं?"

"रोज रंगाडस तसं."

"रोज कसं रंगाडतस?"

निंबाभाऊ खुलले. कुणीतरी एकदाचं विचारलं होतं. "हौदमां पानी उकळू दिधं. रंग सोडा, आम्ल सोडं. बी कापडमां बांधीसन बुडाडं. पाऊण तास चांगलं खळखळ उकळाडं, मंग साबणनं धुवं, ड्रायरवर सुकाडं."

"उकळाडं?"

"उकळाडाबिगर रंग धरस का?"

"भेंडी शे ती," मंगलाबाई म्हणाल्या. "लेस नही."

निंबाभाऊंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ते आत गेले, पलंगाखालून मूठभर गुलाबी दाणे काढून आणले आणि हातात धरून बसले. "पण रंग बघ ना," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "कसा पक्का शे."

मला वाटलं आता मोठं भांडण होणार. झालं नाही. मंगलाबाई पावसाकडे बघत बसल्या होत्या. समोरच्या रस्त्याने कुणी डोक्यावर पोतं घेऊन शेताकडे चाललं होतं. बाईंच्या ओठांची हालचाल होत होती, त्या मनाशी शेतं मोजत होत्या. ठाकोरभाईंचं, त्यांच्या भावाचं, पलीकडच्या दोघांचं. त्यांनी मागितला होता त्या दिवशी परवाना मिळाला असता तर या पावसाने ती चारही शेतं शिजलेल्या भेंडीवर भिजत पडली असती, आणि लोकांनी ओळीत बसून कोंब येण्याची वाट पाहिली असती. बाईंना अंबाडीवाल्यापेक्षा वाईट म्हणाले असते. अंबाडी निदान उगवली तरी होती.

त्या उठल्या आणि अरविंदभाईंच्या समोर उभ्या राहिल्या. माणूस त्यांच्यापेक्षा लहान होता, म्हणून पाया पडल्या नाहीत. हात जोडले.

"साहेब, तुम्ही मला थांबवलंत."

"मी कुठे काय केलं, बेन."

"तेच तर."

ठाकोरभाईंना त्यांनी त्याच संध्याकाळी जाऊन खरं सांगून टाकलं. ते हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. "एटले खेतरमां सीधुं शाक ज ऊगत," ते म्हणाले, म्हणजे शेतात थेट शिजलेली भाजीच उगवली असती. पण बाई निघाल्या तेव्हा रस्त्यापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, की कहेवा आव्या ए मोटी वात, सांगायला आलात हेच मोठं. आणि दुसरं पोतं गरीबच असू दे, चालेल.

दुसरं पोतं होतंच. राखाडी, जसं आलं तसं. अरविंदभाई ज्या दिवशी पलंगाखाली वाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी ते उकळायला जायचं होतं. त्यांच्या पाहणीने ते वाचलं. हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनी खापर चुलीवर चढवलं, पुरण शिजवलं, आणि परातीएवढे मांडे करून कचेरीत नेले.

अरविंदभाई टेबलामागे सरकले. "मंगलाबेन, काम केल्याबद्दल आम्हाला काही घेता येत नाही. नियम आहे."

"काम केलंय कुठे? न केल्याबद्दल आहे हे."

त्याबद्दल नियम नव्हता. वरच्या साहेबांना विचारलं. त्यांनी मांड्याकडे बघून सांगितलं की नसलेल्या नियमाचा भंग होत नाही. सगळ्या कचेरीने खाल्ले. बाईंनी माझ्याकडून आभाराचा अर्जही लिहून घेतला होता. आवक टेबलावरच्या कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला. आभारासाठी त्यांच्याकडे रजिस्टर नव्हतं, म्हणून त्याने तो तक्रारीत नोंदवला. पुढे उत्तर आलं की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण करण्यात आलं आहे. बाईंना ते बरोबर वाटलं.

मांडे खाल्ल्यावर अरविंदभाईंना चैन पडेना. राखाडी पोत्यातले दाणे त्यांनी घरी नेले. त्यांच्या पत्नी रजनीबाईंनी ते ओल्या टॉवेलात गुंडाळून स्वयंपाकघरात ठेवले, आणि ते असे उगवले की टॉवेल टाकून द्यावा लागला. बी चांगलं होतं. पण परवान्याची फाईल अजून भाषांतराच्या प्रवासात होती आणि पाऊस थांबत नव्हता. मग अरविंदभाईंनी कायद्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. नोकरी लागल्यापासून, ते म्हणाले, तशी वेळ आली नव्हती. शेवटाकडे त्यांना एक कलम सापडलं. शेतकऱ्याने स्वतः पिकवलेलं बी स्वतःच्या जागेवर, पेरणाऱ्याला सरळ विकलं, तर त्याला हा कायदाच लागू नाही.

"म्हणजे वाल्मिक विकू शकतो?" बाईंनी विचारलं.

"त्यांच्या शेतावर. पारोळ्याला."

"पोतं इथे आहे, साहेब. घेणारे पण इथे आहेत."

"हां. दोन्ही तिथे पाहिजेत."

बाईंनी विचार केला. "पोतं नेलं तर चालेल?"

अरविंदभाईंनी पुस्तक मिटलं. "पोत्याच्या प्रवासाला परवाना लागत नाही, बेन. विक्रीची बंदी मी आजच उठवतो."

आणि म्हणून त्या आठवड्यात ठाकोरभाई आणि ते तिघे शेतकरी, पलसाण्याच्या रस्त्यावरचे, जन्मात कधी गुजरातेबाहेर न गेलेले, उधन्याला भुसावळ पॅसेंजरमध्ये चढले. बरोबर मंगलाबाई आणि ते पोतं. गर्दी होती, बसायला जागा नव्हती, म्हणून नंदुरबारपर्यंत चौघे आळीपाळीने पोत्यावरच बसले. अमळनेरला उतरून एस.टी.ने पारोळा. वाल्मिकच्या ओट्यावर पोतं उतरवलं, वाल्मिकने ते कायद्याप्रमाणे आपल्या हाताने सोडलं, चौघांना वाटून विकलं. मग शेवेची भाजी आणि भाकरी. वाल्मिकच्या बायकोने तिखट सुरतच्या माणसांच्या बेताने घातलं होतं असं ती म्हणाली. ठाकोरभाई डोळे पुसत म्हणाले की घरच्यासारखं वाटतंय. बहिणीने एका पोत्याचं काय झालं ते सांगितलं. वाल्मिकने रिकामं पोतं झटकून त्याची घडी घातली. मग म्हणाला, "दाजीले सांग, पुढला साली मना लुगडा रंगाडाले धाडसू." त्याच्या बायकोने त्याच्याकडे पाहिलं, तेव्हा तो म्हणाला, "तुना. तुना लुगडा."

चौघे तीच भेंडी घेऊन, त्याच गाडीने परत आले. पेरली. पाचव्या-सहाव्या दिवशी ठाकोरभाई सायकलवरून आले, उतरले नाहीत, ओट्यापाशी नुसतं म्हणाले, "ऊगी गई," आणि पुढे गेले. निंबाभाऊ त्या वेळी दाढी करत होते. त्यांनी वस्तरा बाजूला ठेवला, आणि मी पाहिलं, त्यांनी पत्र्याच्या दिशेने हात जोडले. तिकडे देव नव्हता. कचेरीची दिशा ती होती का, मी नक्की सांगू शकत नाही.

मंगलाबाईंचं मात्र नक्की आहे. अरविंदभाईंची त्यानंतर भरूचला बदली झाली. निघण्याआधी त्यांनी फाईल पूर्ण केली आणि परवाना स्वतः आणून दिला. बाईंनी तो चौकटीत घालून पुढच्या खोलीत, पलंगाच्या वर लावला. दिवाळीला त्याला झेंडूची माळ असते. ठाकोरभाई आणि ते तिघे तो बघायला आले होते. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, छान आहे म्हणाले, चहा घेतला.

परवाना आला त्या वर्षी त्या चौघांना साखर कारखान्याचं सभासदत्व मिळालं होतं, आणि त्यांनी सगळ्या जमिनीत ऊस लावला होता. उसाला बी लागत नाही, कांडी लावतात.